तीनदा विचारायची पद्धत

लेक ऑस्ट्रेलियाला शिकायला चालली म्हटल्यावर ऑफिसात पेढ्यांची मागणी झाली. शाळा सरकारी आहे म्हटल्यावर पेढ्यांचं नाव कुणी काढेना. माझ्या समोरच्या टेबलावरचा सहकारी तेवढा बोलला, "मॅडम, सरकारी शाळा हितं काय कमी हायत व्हय? तुमच्या गावाला, पासलीला घातली असती तर येष्टीच्या पासात काम झालं असतं." सगळे हसले, मीपण हसले. दुसरं काय करणार? मी भोरमध्ये तालुक्याच्या शिक्षण खात्यात कारकून. कुठल्या शाळेचे पत्रे उडाले, कुठं शिक्षक कमी, कुठं पोरं वाढली, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. अशा बाईनं पोरीला सरकारी शाळेत घालायला सातासमुद्रापार पाठवायचं म्हणजे चेष्टा होणारच.

खरं तर सुरुवात खासगीपासूनच झाली होती. मुलीचे वडील ती सहावीत असताना गेले. शिरवळच्या बाजूला कारखान्यात इंजिनियर होते; सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी कारखान्यातून फोन आला. पोरीला बाहेरच्या देशात शिकवायचं हे त्यांचं वेड. माझं नव्हतं. मला पोरगी डोळ्यांसमोर हवी होती, आणि आजही तशीच हवी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? त्यांच्या मागं जे मिळालं होतं ते मी त्याच कामासाठी बाजूला ठेवलं होतं. दहावी झाली तशी तिला घेऊन पुण्याला एका एजंटाकडे गेले.

गारेगार ऑफिस, काचेचं टेबल, न मागता कॉफी. त्यानं एका खासगी निवासी शाळेचं गुळगुळीत पुस्तक पुढ्यात सरकवलं. त्यात घोडे होते. हिरव्या कुरणात पोरी घोड्यांवर बसलेल्या. माझी पोरगी घोड्यावर बसून कुठल्या लढाईला जाणार होती कोण जाणे. मी विचारलं, "आजारी पडली तर जबाबदार कोण?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका." मी पर्स उचलली. टेन्शन घेऊ नका म्हणणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ बघितलीत.

परतीच्या गाडीत कापूरहोळ यायच्या आत पोरीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. तिनं आधीच सगळं शोधून ठेवलं होतं. तिकडच्या एका राज्याचं शिक्षण खातंच बाहेरच्या देशातल्या मुलांना आपल्या शाळांमध्ये घेतं. तिचं म्हणणं असं, की बाहेरच्या मुलांसाठी थाटलेल्या शाळेत बाहेरचीच मुलं भेटणार. सरकारी शाळेत तिथल्या गल्लीतली येतात, प्लंबरची, नर्सची, दुकानदाराची. विज्ञानाबरोबर सुतारकामसुद्धा घेता येतं म्हणे. "जायचंच तर त्यांच्यातच जायचं ना, आई? नाहीतर मग पुणं काय वाईट आहे?"

माझं कारण वेगळं होतं, आणि ते ऐकून पोरगी हसली. मी तिकडच्या खात्याला माझ्या फायलीतल्या इंग्रजीत प्रश्न पाठवले. उत्तरं आली ती कोरडी, मुद्द्याला धरून, आणि प्रत्येकाखाली माणसाचं नाव आणि हुद्दा. पोरीला ठेवायचं घर खातं शोधणार. त्या घरातल्या मोठ्या माणसांची पोलिसांकडून चौकशी झालेली असणार. शाळेत बाहेरच्या मुलांसाठी एक माणूस नेमलेला, आजारपणापासून भांडणापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. सरकारी माणूस गोड बोलेलच असं नाही, पण त्याच्या वर कुणीतरी बसलेला असतो आणि त्या वरच्याला जाब विचारता येतो. एवढं मला पुरलं. जुलैपासून डिसेंबरपर्यंत राहून बघायचं, मग अकरावी-बारावी तिथंच करायची की परत यायचं ते ठरवायचं, असं त्यांचं पत्र आलं. सहा महिन्यांत कंटाळेल आणि येईल, असं मी मनाशी धरून चालले होते.

दुसऱ्याच्या घरी राहून शिकणं मला नवं नव्हतं. पासलीतून सातवी झाल्यावर मला विंझरला ठेवली होती, वडिलांच्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या घरी. घरापासून लांब नव्हतं, पण सुट्टीशिवाय जाणं व्हायचं नाही, आणि संध्याकाळी मी डोंगराकडं बघत बसायची. तिथं पोचवताना माझ्या आईनं सगळ्या रस्त्यानं एकच पाठ घोकून घेतला होता. "लोकाच्या घरात ऱ्हायचं तर पोट आवरून ऱ्हायचं. वाढाय आल्या की न्हाई म्हनायचं. पुन्यांदा इचारलं तरी न्हाई. तिसऱ्यांदा इचारलं तर अर्धी घ्यायची. आन् त्यांनी सांगायच्या आत कामाला हात घालायचा." सुगी झाली की वडील तांदळाचं पोतं त्या घरी टाकून जायचे. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी पोर ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत.

त्या दुकानदाराच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकू तोंडानं फटकळ, पण भाकरी वाढताना तीनदा विचारायच्या. एकदाही दोनदा विचारून थांबल्या नाहीत. तिसऱ्यांदा तर विचारायच्याही नाहीत, "गप खा, मरतीस का उपाशी" म्हणून ताटात टाकायच्या. मी नको म्हणायची आणि त्या टाकायच्या, असं करत मी दहावी पास झाले. आमच्याकडं जेवणाचं हे असंच चालतं. पाहुण्यानं नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं ऐकायचं नाही. ज्यानं पहिल्यांदाच हो म्हटलं तो हावरट, आणि ज्यानं पहिलं नको खरं धरलं तो कंजूष.

तोच पाठ मी पोरीकडून घोकून घेतला. जायच्या आधी आम्ही पासलीला आईच्या पाया पडायला गेलो, तेव्हा आईनंही तो पुन्हा म्हणून दाखवला. शिवाय इंद्रायणी तांदळाची पिशवी काढून ठेवली होती, त्या परक्या बाईला द्यायला. तिकडं धान्य नेऊ देत नाहीत हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. "मंग पोर काय मोकळ्या हातानं जायाची? ती बाई काय म्हनंल?" आई म्हणाली. पोरीनं आजीला सांगितलं, "आजी, मी काम करीन ना तिच्या घरात." आजीला ते बरं वाटलं. मलाही वाटलं.

जुलैच्या पावसात ती गेली. विमानतळावरून घरी परत आले तर तिच्या खोलीचा दिवा तसाच चालू होता. तो मी बंद केला नाही. आमची दोन खोल्यांची जागा मला कधी मोठी वाटली नव्हती. आता कुकरची शिट्टीसुद्धा जास्त मोठी वाजते असं वाटायला लागलं. एकटीसाठी भाजी करायची तर भेंड्या मोजून चिरायच्या का? मी सकाळचीच भाजी संध्याकाळी खायला लागले. शेजारीण विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायची, "हो, झालं." तीही बिचारी संसाराची, दोनदा कुठून विचारणार?

तिची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार. डब्याच्या सुट्टीत मी ऑफिसच्या मागच्या पायरीवर जाऊन बसायची आणि फोन यायचा. घर समुद्राकाठच्या लहान गावात होतं. घरमालकीण शाळेची बस चालवायची, नवरा लोकांच्या बागा राखायचा, दोन कुत्री. पोरगी त्या बाईला नावानं हाक मारायची, ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. "निदान मावशी तरी म्हण गं." "आई, तिला मावशी कळत नाही." जेवलीस का विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो, जेवले." पण दिवसेंदिवस चेहरा उतरत चाललेला. मी म्हटलं, थंडी असेल. मनात दुसरंही काही येऊन जायचं, ते सांगायला लाज वाटते पण सांगते. वाटायचं, करमत नसेल, येईल आता.

मग ऑगस्टमध्ये एका सकाळी मी ऑफिसात असताना शाळेतून फोन आला, तो घेऊन मी मागच्या पायरीवर गेले. बाहेरच्या मुलांसाठी नेमलेले ते सर, आणि सोबत फोनवर एक मराठी दुभाषी बाई, बोलण्यावरून नागपूरकडची. ही सोय सरकारी शाळा आपण होऊन करते, मी मागितली नव्हती. सर आधी चार शब्द चांगले बोलले आणि मग मुद्द्यावर आले. तुमची मुलगी जेवत नाही. घरमालकीण विचारते तर ती नको म्हणते. बाईला वाटलं, जेवण आवडत नाही, म्हणून तिनं वेगळं करून बघितलं, तरी नको. वजन उतरलंय. आणि घरातली सगळी उठायच्या आत ही मुलगी उठून फरशी पुसते, भांडी घासते. बाई घाबरलीय, तिला वाटतं आपलंच काही चुकतंय, किंवा मुलगी आतून फार दुःखी आहे. तुम्हाला घर बदलून हवंय का? की तिला परत न्यायचंय?

परत न्यायचंय का, असं त्यांनीच विचारलं. एक हो म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यात पोरगी भोरला आली असती. मी पायरीवर बसून होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ती टेबलाशी बसलेली दिसत होती. भुकेली, नको म्हणून झालेली, आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत असलेली. बाई पहिलंच नको खरं धरून भांडं उचलून नेत होती. तांदूळ नेता आला नाही म्हणून पोरगी परक्याची फरशी पुसत होती. मला रडू आवरेना आणि हसूही येत होतं.

दुभाषी बाईला मी सांगितलं, "अहो, ती आग्रहाची वाट बघतेय." ती पलीकडून एकदम म्हणाली, "अगं बाई!" तिला अर्ध्या वाक्यात कळलं. पण सरांना समजावताना तिची पार दमछाक झाली. मी इकडून तुकडे पुरवत होते आणि ती भाषांतर करत होती. मग सरांनी विचारलं, "म्हणजे त्या घरच्यांना सांगू का, तीनदा विचारा म्हणून?"

मी म्हणणारच होते, सांगा. पण तेच पुढं म्हणाले, "घरचे विचारतील, बाई प्रेमळ आहे. पण वर्गात, दवाखान्यात, नोकरीत इथं तीनदा कुणी विचारणार नाही. मला वाटतं तिलाच पहिल्यांदा हो म्हणायला शिकवू. तुमची हरकत नसेल तर." माझी हरकत विचारली जातेय हेच मला नवीन होतं. मी म्हटलं, "शिकवा. आधी मी बोलते."

त्या दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फोनवर पोरगी आधी नाहीच म्हणाली, "काही झालं नाही आई, मी मस्त आहे." मग रडली. तिला आठवडे नि आठवडे भूक लागलेली होती. मी म्हटलं, "ऐक. तिथं हवं असेल तर हो म्हणायचं. पहिल्यांदाच. कमी पडलं तर मागायचं. आणि फरशी पुसायची नाही, त्यांनी सांगितलं तर पुसायची. आणि दुसऱ्या कुणी नाही म्हटलं तर नाहीच समजायचं, मागं लागायचं नाही. तिथं माणसं बोलतात तेच त्यांच्या मनात असतं."

"म्हणजे तू आणि आजीनं शिकवलेलं चुकीचं होतं?"

"चुकीचं न्हाई," मी म्हटलं. रागावले किंवा गलबलले की माझ्या तोंडात पासलीची बोलीच येते. "तिथलं न्हाई."

त्यानंतर पोरगी पालटली. पहिल्या आठवड्यात तिनं बाईकडं भात मागितला, आणि बाईला इतका आनंद झाला की तिनं चार दिवस भातच केला. मग तिनं हीटर मागितला. मग वर्गात गणिताच्या बाईंना म्हणाली, मला हे सोपं जातंय, वरचं द्या. आणि त्यांनी दिलं. सुतारकामात एक स्टूल केलं, वाकडं, पण बसता येतं. कुत्र्याला पलंगावर चढू देणार नाही असं घरात स्पष्ट सांगितलं. गाल भरले, आवाज मोकळा झाला. मला अभिमान वाटायचा, खरंच वाटायचा, आणि ऑफिसात मी ते स्टूल मोबाईलवर सगळ्यांना दाखवलं. समोरच्या टेबलावरचा तो सहकारी म्हणाला, "लई भारी." त्या दिवशी मी पेढे वाटले.

पण फोन लहान होत गेले. आधी डब्याची सुट्टी पुरायची नाही, आता माझा डबा खाऊन व्हायच्या आत ती म्हणायची, "बाय आई, पोहायला चाललेय." तिच्या गोष्टींत अशी माणसं यायला लागली ज्यांना मी ओळखत नव्हते. मी माझ्या बाजूनं सांगायचे ते काय, पाणी गेलं होतं, येष्टी उशिरा आली, आजीचा गुडघा दुखतो. सांगता सांगता मलाच कंटाळा यायचा. रविवारी मी पासलीला जायला लागले. आई विचारायची, "पोर कदी यायाची?" मी म्हणायचे, "डिसेंबरात."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी भात झोडून झाला होता आणि मी भोरला घरी होते. दुपारी तिचा व्हिडिओ फोन आला, नेहमीपेक्षा लवकर. केस ओले, पाठीमागं त्यांचं स्वयंपाकघर. म्हणाली, पुढच्या दोन वर्षांचं शाळेला ह्या आठवड्यात कळवायचंय. सर म्हणालेत, आधी घरी विचार.

"आई, मला इथं आवडतंय," ती म्हणाली. "पण तू एकटी आहेस. मी परत आले तर पुण्याला अकरावी करीन, एक वर्ष गेलं तर गेलं, मला चालेल. तुला मी यायला हवीय का? खरं सांग."

इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ना आईनं, ना नवऱ्यानं. हवीय, हे माझ्या घशापर्यंत आलेलं होतं. ह्या दोन खोल्यांत मी कशी राहते ते सांगायचं होतं, तिच्या खोलीचा दिवा मी अजून रात्रभर चालू ठेवते हे सांगायचं होतं. आणि तोंडातून निघालं, "मला काय धाड भरलीय? मी बरी आहे. तुझं तू बघ."

मग मी थांबले. ती पुन्हा विचारेल म्हणून थांबले. दुसऱ्यांदाही मी नाहीच म्हटलं असतं, एवढं मला माझं माहीत आहे. तिसऱ्यांदा मात्र सांगितलं असतं.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मान हलवली आणि तिचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "बरं," ती म्हणाली. "मग मी थांबते म्हणून कळवते हां, आई?"

फोन चालू होता, ती समोर होती, अजूनही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "कळव. उशीर नको करूस."